खुंट्याचा धंदा
शहर आधी नकाशावर वाढतं. हिरवी दाखवलेली शेती एका सहीनं पिवळी होते, म्हणजे तिथे घरं बांधायची मोकळीक मिळते. मग काल ज्या खडकाळ तुकड्याकडे कुत्रं फिरकत नव्हतं, त्याला आज चार मालक फुटतात. कोर्टाचा निकाल नातवंडांच्या नशिबात. तोवर ज्याचा ताबा त्याची जमीन. हा ताबा मिळवून देणं हाच खुंट्याचा धंदा.

एकदा रोवला की हलत नाही, म्हणून त्याचं नाव खुंटा. जागेवर पत्र्याची खोली ठोकायची, खाट टाकायची, चूल पेटवायची, झाला ताबा. दुसरा कुणी आधीच बसला असेल तर आडवा येईल त्याला आडवा करायचं. यात खुंट्याचे स्वतःचे दोन दात गेले होते. दुसऱ्यांचे किती गेले, याची त्याला फिकीर नव्हती. माणूस नालायकच, पण एक नेम पाळायचा: बाई आत असेल त्या खोलीला हात लावायचा नाही. सकाळी धूर दिसला तर आत बिऱ्हाड आहे, नाही दिसला तर खोली रिकामी. या हिशोबावर त्याचा देवापेक्षा जास्त भरवसा.

त्या सकाळी दलालानं त्याला बायपासच्या कडेच्या प्लॉटवर आणलं. सोबत गज घेतलेली पोरं, मागे जेसीबी. तिथे दुसऱ्या मालकानं आधीच ठोकलेल्या पत्र्याच्या खोलीतून धूर येत नव्हता.

"आवाज देऊ का एकदा?" एका पोरानं विचारलं.

"कुणाला? पत्र्याला?" खुंटा हसला आणि त्यानं ड्रायव्हरला खूण केली.

जेसीबीच्या एका धडकेत खोली आत बसली, आणि आतून किंकाळी आली. तापानं फणफणलेली बाई चूल न पेटवता पडून राहिली होती.

खुंट्यानं हाताची सालटी काढत पत्रे उपसले. खाली त्याची सख्खी बहीण होती. बापाचं शेत विकताना त्यानं तिचा हिस्सा गिळला, तेव्हापासून बोलणं बंद होतं. नवरा वारल्यावर ती कुठे राहते, हेही त्यानं विचारलं नव्हतं. तिचा पाय गुडघ्याखाली चिरडला होता, हाड बाहेर आलं होतं.

"ताई!"

"हात लावू नकोस." ती त्याच्या तोंडावर थुंकली. "मी हलले की ताबा गेला. जागा राखली तर मला इथे बसवणारा मालक इथेच एक खोली देणार आहे."

"अगं, रक्त बघ किती जातंय! मरशील!"

"मरेन. बापाच्या जमिनीतून हाकललंस, इथून नाही हलणार मी."

"उचल रे तिला पटकन," मागून दलाल म्हणाला, "काम फत्ते!"

खुंट्यानं वळून त्याचं नाक फोडलं. पडल्यावर बरगडीत लाथा घातल्या. त्यानं काय होणार? रक्त थांबत नव्हतं. शेवटी त्यानं बहिणीला खांद्यावर घेतलं आणि तो बायपासकडे धावत सुटला.

"ठेव मला खाली! मेल्या, ठेव!" ती त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होती.

मागे दलाल रक्त पुसत ओरडत होता, आणि खुंट्यानंच तयार केलेली पोरं टेम्पोतून नवे पत्रे उतरवत होती. बहिणीला ते दिसत होतं. खुंट्यानं मागे पाहिलं नाही. तिचे दात त्याच्या पाठीत रुतले, तेव्हा त्याला कळलं, ताबा गेला.