भिंत, वायर, भोक, बॅटरी

आचोळ्यात विनयाताईंच्या लॅपटॉप-दुरुस्तीच्या दुकानात 'बोर्ड गेलाय' हे शब्द उच्चारायला बंदी आहे. तशी पाटी वगैरे नाही, पण कोणी एकदा उच्चारून बघावेत. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, एक मीटर, एक टॉर्च. वसईच्या एका कारखान्यात बाईंनी अकरा वर्षं सर्किटांना डाग दिले. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्यांनी नशिबाला बोल लावले. ह्यांनी सोल्डरिंगची काडी उचलली आणि जिन्याखाली येऊन बसल्या.

'चार्ज होत नाही' म्हणून येणाऱ्या दहा लॅपटॉपांतले सहा ठणठणीत असतात, असं त्या सांगतात. कुणाच्या घरचं सॉकेट सैल असतं. कुणी भावाचा चार्जर उचलून आणलेला असतो, टोक बसतं पण ताकद पुरत नाही. कुणी स्वतःच कधीतरी 'ऐंशी टक्क्यांवर थांब' असं लॅपटॉपला सांगून ठेवलेलं असतं आणि विसरून गेलेलं असतं. म्हणून ताईंचा क्रम ठरलेला: आधी भिंत, मग वायर, मग चार्जरची पीन जाते ते भोक, आणि सगळ्यात शेवटी बॅटरी. हा क्रम त्या मोडत नाहीत. एकदाच मोडला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, निर्मळ गावची मेघना चुरी लॅपटॉप छातीशी धरून आली. केळीच्या वाडीत वाढलेली, बी.कॉम. झालेली, दोन वर्षं नोकरीसाठी उंबरे झिजवणारी पोर. शनिवारी अकराला तिची मुलाखत होती, घरूनच, आणि हिशेबाचं काम तिथल्या तिथे करून दाखवायचं होतं. त्यासाठी लागणारं सगळं ह्याच लॅपटॉपवर कंपनीने टाकून घेतलेलं. मोबाइल चालणार नव्हता, शेजाऱ्यांचा लॅपटॉप चालणार नव्हता. आणि हा कालपासून चार्ज होईना.

"स्टेशनजवळ दाखवला, ताई. त्याने उघडलाही नाही. बोर्ड गेलाय म्हणाला."

"बोर्ड जातो कुठे उठून? पाय आहेत त्याला?" ताईंचं डोकं फिरलं.

डोकं फिरलं की हात घाई करतात. झाकणावर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं, ते त्यांनी फडक्याने पुसलं. मीटर लावला, चार्जर उत्तम. आपला चार्जर लावून पाहिला, तरी लॅपटॉप मेलेलाच. चार वर्षांचं मशीन, म्हणजे बॅटरीच. फळीवर तशीच नवी होती, ती बसवली, आणि लॅपटॉप झटकन उजळला. मेघना तर नाचायचीच बाकी होती. इथेच ताई फसल्या. नवी बॅटरी येते तीच अर्धी भरलेली. लॅपटॉप चालला तो त्या शिदोरीवर. भोक बघायचं राहूनच गेलं.

शनिवारी नऊला फोन आला. "ताई, सराव करत होते... आता बंदच पडला."

"मी येतेय. कुणी त्याला हात लावायचा नाही," म्हणून ताईंनी शटर ओढलं, स्कूटर काढली आणि पूल ओलांडून थेट निर्मळ गाठलं. वाटभर त्या स्वतःलाच शिव्या देत होत्या. पोरीचं काम बिघडलं तर ते आपल्या घाईपायी, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

ओट्यावर मेघनाचे वडील, दिनानाथकाका, केळीच्या घडांजवळ नुसतेच उभे होते. भिंतीशी कोयता, पावडा आणि पाण्याची मोटार, प्रत्येकावर परवाचं सुकलेलं झेंडूचं फूल.

ताईंनी पहिल्यापासून सुरुवात केली. भिंत: त्याच सॉकेटवर फोन चार्ज झाला. वायर: मीटरचा आकडा बरोबर. भोक: टॉर्च मारला आणि त्या थबकल्या. अगदी आत, पिनेला चिकटून, काहीतरी लाल होतं.

लोखंडी टाचणी आत घालणं म्हणजे शॉर्टला आमंत्रण. कोपऱ्यातल्या केरसुणीचा एक हीर त्यांनी ओढला, सुरीने टोक काढलं आणि कोरायला बसल्या. दोन दिवस चार्जर दाबदाबून ते आत ठासलं गेलं होतं. पंधरा मिनिटांनी कागदावर एक कणी पडली. तांदळाची, कुंकवात माखलेली.

दिनानाथकाका खाली बसले. "परवा मीच वाहिल्या अक्षता. कोयत्याला, पावड्याला, मोटारीला. मग म्हटलं, माझ्या पोरीचं हत्यार तर हेच. म्हणून ह्याला दोन मुठी जास्त वाहिल्या."

'धूळ होती' असं म्हणायला ताईंची जीभ एकदा वळली होती. पण दोष झाकला की तो पुढच्या वर्षी परत येतो. आणि इथे एकट्या काकांचा दोष नव्हताच.

"काका, तुमची चूक कणीएवढी, माझी अख्ख्या बॅटरीएवढी. जुनी बॅटरी धडधाकट आहे, ती परत बसवून देईन. आता आधी हे उभं करू."

चार्जर लावला. चार्जिंगचा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. दाबादाबीने भोक आतून ढिलं झालं होतं. ते बदलायचं तर सोमवार उजाडणार, आणि घड्याळात पावणेअकरा. ताईंनी चार्जरची पीन किंचित वर उचलून दाबली, दिवा स्थिर राहिला. हात सोडला, विझला. चिकटपट्टी लावून पाहिली, तीही सरकली.

"कुणीतरी धरून बसायला हवं," ताई म्हणाल्या. "जरासुद्धा न हलता."

"मी धरतो." ताईंनी नको म्हणायच्या आत अडुसष्ट वर्षांचा तो माणूस गुडघे मोडून टेबलाखाली शिरलाही होता. ताईंनी त्यांची बोटं पिनेवर नीट बसवून दिली. "इथे. एवढंच वर." दिवा लागला.

मुलाखत सुरू झाली. ताई कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेताने दारात उभ्या राहिल्या, नजर त्या दिव्यावर. अर्धा तास गेला. काकांनी पिनेवरचा हात दुसऱ्या हाताने आवळून धरला. मग त्यांना खोकला आला. त्यांनी तो दाबला, आणि दाबलेला खोकला दुप्पट जोराने बाहेर पडला.

"तुमच्यासोबत कोणी आहे का?" पडद्यावरच्या बाईंनी विचारलं.

मेघनाने एकदा ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान हलवली: सांग.

"माझे बाबा आहेत, मॅडम. चार्जिंगची पीन सैल झालीय. ते टेबलाखाली ती धरून बसलेत."

पलीकडून बाई हळूच म्हणाल्या, "अरे देवा. त्यांना त्रास नको. आपण लवकर आटपू या."

"आटपू नका!" टेबलाखालून आवाज आला. "तिला सगळं नीट विचारा. मी बसलोय."