साडूंनी मोबाइलवर केलेली नोकरी

स्वतः करून बघितल्याशिवाय आमच्या साडूंनी या पृथ्वीतलावरची एकही गोष्ट आजवर मान्य केलेली नाही. लिंबागणेशला त्यांची पिठाची गिरणी आहे आणि भुवयांवर कायम पिठाचा थर. थोरल्या भावाला चष्मा लागला, तेव्हा नंबर बरोबर आहे का हे बघायला यांनी तो आठ दिवस स्वतः वापरला. त्या आठ दिवसांत ते दोनदा उंबऱ्याला आणि एकदा सरपंचांना धडकले, आणि भाऊ चष्म्याविना ओट्यावर बसून राहिला. डॉक्टरांनी माझ्या मेव्हणीला गुडघ्यांचा व्यायाम सांगितला, तोही आधी यांनीच केला. तिचे गुडघे राहिले बाजूला, यांचीच कंबर धरली. "दुसऱ्याच्या जिवावर परयोग करू न्हाई, पाव्हनं," असं ते कंबर शेकत मला म्हणाले होते.

त्यामुळे बारावी झालेली लेक "आप्पा, मला बीडला डी. फार्मसी करायचीय" म्हणाली, तेव्हा पुढे काय होणार हे मी घरबसल्या सांगितलं असतं. फॉर्मची मुदत आठवड्यावर आली होती आणि इकडे एक स्थळही सांगून आलं होतं. साडूंनी निकाल दिला, "आदी मी मेडिकलवर काम करून बघतो. जमलं तर तू जा. न्हाई जमलं तर त्या स्थळाच्या पाव्हन्यांना बोलवू." गावातल्या मेडिकलवाल्याने त्यांना पिठासकट बाहेर काढलं. शेवटी पोरीनेच मोबाइलवर एक आभासी नोकरी शोधून दिली. पडद्यावर औषधांचं दुकान. गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन येतं, आपण पाकीट निवडायचं, तारीख तपासायची, गोळ्या मोजून द्यायच्या, की गुण मिळतात. बिचारीने आपलं सगळं नशीब त्या पिठाळ बोटांखाली दिलं.

साडू अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून कामावर बसले. पडद्यावरच्या गिऱ्हाइकाला मोठ्याने "या, बसा" म्हणाले. पाकीट बरोबर, तारीख बरोबर. घोडं अडलं ते मोजणीत. रक्तदाबाच्या चिठ्ठीवर तीस गोळ्या होत्या, यांनी एकशेऐंशी दिल्या. लाल फुली आली. पुन्हा एकशेऐंशी, पुन्हा फुली. पाच दिवस हेच चाललं. सहाव्या दिवशी, म्हणजे मुदतीच्या आदल्या दिवशी, मेव्हणीचा रडवेला फोन आला म्हणून मी बीडहून गेलो.

"अहो, चिठ्ठीवर तीस लिहिलंय ना?" मी म्हणालो.

"लिवणाराचं काय जातंय! दसरा झाला की मानूस कोयता घिऊन कारखान्यावर जानार, त्यो सा म्हैन्यांनी गुढीपाडव्याला परत यिनार. मदी गोळ्या काय उसाच्या फडात पिकत्यात?"

पडद्यावरचा माणूस निळा टाय लावून उभा होता. हा कसला ऊस तोडतोय, असं मी म्हटल्यावर साडू एकदम गंभीर झाले. "माझ्याकडनं बाजरी दळून घिऊन गेलेला एक जन गोळ्या संपून तिकडंच आडवा झालता. मला न्हाई तीस देववत."

"आप्पा, एकदाच तीस दाबा ना हो," दारात उभी असलेली लेक म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. साडूंनी तिच्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि एकशेऐंशी दाबले. मला अस्सा राग आला! पण त्यांनी मोबाइल तिच्या पुढ्यात धरला. "तूच कर मंग."

तिने डोळे पुसले, तीस गोळ्या दिल्या आणि टायवाल्याला अगदी बापाच्याच थाटात बजावलं, "काका, लई लांब जानार असाल तर जवळच्या दवाखान्याचं नाव सांगून जा. संपायच्या आत तिकडं गोळ्या मिळतील आसं मी बघते." मोबाइलला यातलं काही कळलं नाही, त्याने तीस गोळ्या बघून हिरवी खूण केली. साडू म्हणाले, "हे मला सुचलंच न्हाई. तू जा, बाई."

आता ती बीडला होस्टेलवर असते. परवा लिंबागणेशला गेलो तर गिरणी बंद होती आणि साडू बाकड्यावर बसून पुन्हा मोबाइलवर गोळ्या मोजत होते. नेहमीप्रमाणे त्यांची थट्टा करावी म्हणून मी विचारलं, "पाव्हनं, आता हे कावून? पोरीला तर प्रवेश मिळाला."

त्यांनी मान वर केली नाही. "पोरगी तिकडं दिसभर हेच करती म्हनं," ते म्हणाले. "म्हनलं, घडीभर तिच्यासंगं बसावं."