‘की’ला मार्क कुठे द्यायचे?

“मॅडम, नाहीतरी तुम्ही तिला पहिल्यापासून बोलायला शिकवणार आहात. मग शुद्धच शिकवा ना!”

दीपाली हे आईच्या समोरच बोलली. तिची आई, शालनआक्का, व्हीलचेअरवर बसून आम्हा दोघींकडे पाहत होत्या. त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. उजवा हात आणि पाय अशक्त झाले होते आणि वाचा गेली होती. समज मात्र शाबूत होती. लेकीचे वाक्य त्यांना पूर्ण कळले, हे चेहऱ्यावर दिसत होते. 

मी कोल्हापुरातील एका रुग्णालयात स्पीच थेरपिस्ट आहे. या व्यवसायात मी उशिरा आले. मराठीत एम.ए. करून अनेक वर्षे मुद्रितशोधन केले, म्हणजे छापण्यापूर्वी मजकुरातल्या चुका काढल्या. चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा वर्गात जाऊन बसले. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. अशा बाईने इतरांना बोलते करण्याचे काम पत्करावे, याचे माझ्या बहिणीला अजूनही हसू येते.

शालनआक्कांना जे झाले होते, त्याला वाचाघात म्हणतात. आम्ही आपसात ‘अफेजिया’ म्हणतो. यात जीभ आणि ओठ जागच्या जागी असतात. काय सांगायचे, तेही माणसाला ठाऊक असते. मनातला अर्थ आणि तोंडातला शब्द यांच्यामधला रस्ता तेवढा खचलेला असतो. समोर पाण्याचा तांब्या दिसतो, तहान लागलेली असते, पण ‘पाणी’ हा शब्द सापडत नाही.

मी चित्रांची कार्डे काढली. तांब्या दाखवला. शालनआक्कांनी ओठ हलवले, डोळे मिटले, बराच प्रयत्न केला.

“की,” त्या म्हणाल्या.

गाय दाखवली. “की.” छत्री दाखवली. “की.”

दीपालीने कपाळावर हात मारला. “एवढा एकच शब्द उरायचा होता! मॅडम, याच ‘की’ने आयुष्यभर माझं डोकं उठवलंय. ये की, बस की, खा की. आणि बाई असून ‘मी येतो, मी जातो’. हॉस्टेलवर पहिल्या वर्षी हिचा फोन चुकून स्पीकरवर लागला. ‘दीपे, मी उद्या येतो’ म्हणाली. मुली वर्षभर मला ‘काय गं, येतो का जेवायला?’ म्हणून चिडवायच्या.”

ती हसत सांगत होती, पण ते हसणे जुने आणि टोचणारे होते. मी तिला दोष देऊ शकले नाही. दुसऱ्याच्या ‘हाय’ला ‘आहे’ करण्यात माझी स्वतःची उमेदीची वर्षे गेली होती.

दीपालीचे वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. जयसिंगपूरच्या बाजारात शालनआक्कांचे बांगड्यांचे दुकान आहे. अण्णा माल आणायचे आणि जोतिबाच्या यात्रेला स्टॉल लावायचे. दुकान चालवायच्या त्या. झटका आल्यापासून शटर बंद होते. दीपाली पुण्याहून रजा काढून आली होती. रजा संपेपर्यंत आई बोलू लागली नाही, तर तिला पुण्याला न्यायचे आणि दुकानाचा गाळा सोडायचा, असे तिने ठरवले होते. यावर शालनआक्कांचे मत कुणी विचारले नव्हते. विचारून उपयोगही नव्हता, कारण त्यांच्याजवळ उत्तराला एकच अक्षर होते.

“घरात लई शांतता हाय बगा मॅडम,” अण्णा म्हणाले. “पयलं वाटायचं, ही कवा गप बसंल. आता गप बसली, तर भाकरी गिळंना.”

शालनआक्कांनी त्यांच्याकडे पाहिले. “की!” त्या म्हणाल्या. या वेळी तो सूर वेगळा होता. पुरे झाले आता, इतके स्पष्ट त्यात होते. अण्णा निमूट बसले.

मी पेन खाली ठेवले.

पुढचे काही दिवस मी कार्डे बाजूला सारून नुसते ऐकले. पाणी हवे असले की त्यांचा ‘की’ हळूच वर चढायचा. कंटाळा आला की तो लांबत खाली यायचा. अण्णांनी चष्मा शोधत खिसे चाचपले आणि तो डोक्यावरच निघाला, तेव्हाचा ‘की’ तर चक्क हसत होता. विनवणी, नकार, कौतुक, दटावणी, सारे काही त्या एका अक्षरात नीट उभे राहत होते. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली, तरी बोलण्याची चाल बहुधा उजव्या भागाच्या आधाराने तग धरते, असे आम्हाला शिकवले होते. परीक्षेत मी ते व्यवस्थित लिहिलेही होते. पण ते समोर घडताना पाहणे निराळे होते. घर पडून गेले असावे आणि आतल्या समईची ज्योत तशीच स्थिर असावी, तसे काहीसे मला वाटले. त्या खोलीत मी आवाज न करता वावरू लागले.

आमच्या विभागप्रमुखांना अर्थातच ज्योतीचे काही लिहून देता येत नव्हते. त्यांना रिपोर्ट लागतो.

“मॅडम, स्कोअर शून्य आहे,” सर कागद उलटत म्हणाले. “आणि तुम्ही प्रगती आहे म्हणता.”

“सर, त्या ‘की’ म्हणतात. प्रत्येक वेळी वेगळ्या अर्थाने.”

“‘की’ हा शब्द आहे की नुसता आवाज?”

त्यांच्या प्रश्नातच एक ‘की’ होता. हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

“इथे लोक आज्ञेला ‘की’ जोडतात, सर. बाहेरच्यांना ते उद्धट वाटतं. पण ‘बस’ म्हटलं तर हुकूम होतो. ‘बस की’ म्हटलं, की आग्रह होतो.”

“ते ठीक. पण फॉर्ममध्ये ‘की’ला मार्क कुठे द्यायचे, ते दाखवा. मी सही करतो.”

तशी जागा फॉर्ममध्ये नव्हती. सर थोडे मऊ झाले. ते विदर्भातले. “माझी आई फोनवर ‘काय करून राहिला रे’ विचारते, तर इथले रेसिडेंट डॉक्टर तोंड लपवून हसतात,” ते म्हणाले. “तुमचं म्हणणं कळतं मला. महिनाअखेर एक तरी दोन शब्दांचं वाक्य दाखवा. नाहीतर ही वेळ दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल.”

आमच्याकडे रांग मोठी असते. त्यांचे चुकत नव्हते.

मी अण्णांना विचारले, “आक्का दुकानात दिवसभर काय बोलायच्या?”

“काय बोलायची? गिऱ्हाइकाचा हात धरायची आन् सुरू. हात सैल सोडा की, दुखत न्हाय की, झालं की. लगनाच्या सराईत बाई सकाळधरनं रातच्यापातूर ‘की की’ करायची.”

“उद्या थोड्या बांगड्या आणाल?”

“आनतो की,” अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हिरव्या काचेच्या बांगड्या आणल्या. शालनआक्कांच्या उजव्या हातात एव्हाना थोडी पकड आली होती. मी समोर खुर्ची ओढली आणि माझा हात पुढे केला. दीपाली दाराशी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर अविश्वास होता आणि तो तिने लपवला नाही.

शालनआक्कांनी डाव्या हाताने माझा पंजा धरला, अंगठा तळव्यात दुमडला, बोटे एकत्र दाबली. त्या बोटांना कुणाला विचारावे लागत नव्हते. मला मात्र कुणी हात धरला, की अवघडायला होते, लहानपणापासूनच. मनगट आपोआप ताठ झाले. त्यांनी उजव्या हाताने बांगडी कशीबशी चढवली आणि रेटली. ती माझ्या अंगठ्याच्या हाडाशी अडली. मी आणखी ताठ झाले. काच कडकन मोडली.

“वाढली की!” शालनआक्का म्हणाल्या.

बांगडी फुटली, असे आपल्याकडे म्हणत नाहीत. ते अशुभ मानतात. म्हणून ‘वाढली’ म्हणायचे. दुकानात काच मोडल्यावर आजवर किती वेळा त्यांनी हे म्हटले असेल, ते त्यांनाही ठाऊक नसेल. तो शब्द शोधावा लागला नाही. तो काचेच्या आवाजामागून स्वतःच्या पायांनी चालत आला.

शालनआक्का स्वतःच दचकल्या होत्या. मग त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिले. इतका वाईट हात त्यांच्या दुकानात फार दिवसांत आला नसावा. त्यांचा सगळा धंदाच जणू रागावला.

“सैल... सोडा... की हात!”

“व्हय वो मॅडम,” अण्णा म्हणाले, “तुमचा हात लई कडक हाय.”

मी हात सैल सोडला. बांगडी आत गेली. “झालं की,” त्या पुटपुटल्या आणि दुसरी बांगडी उचलली. त्या दिवशी त्या खोलीत सर्वांत कमी शब्द माझ्याकडे होते, आणि मला त्याचे अजिबात वाईट वाटले नाही. खचलेल्या रस्त्याच्या कडेने एक पायवाट निघते आणि तिच्यावरून माणूस परत येतो, हे मी पुस्तकात वाचले होते. त्या दिवशी ते मी हाताला धरून पाहिले.

यानंतरचे काम सरळ होते, म्हणजे कष्टाचे होते. एरवी आम्ही आधी शब्द बसवतो आणि मग वाक्य जोडतो. इथे वाक्याचे शेपूट आधी आले होते. त्याला पुढून शब्द लावायचे होते. ‘की’चा सूर धरायचा, त्या तालावर मांडीवर थाप द्यायची आणि त्याच्या आधी एक शब्द ठेवायचा. दे की. बस की. चहा दे की. अण्णा घरी सराव घ्यायचे आणि तक्रारही करायचे: “सारखी हुकूम सोडतीया बगा. पर ऐकायला बरं वाटतंय.” दीपालीने एकदा ‘चहा दे ना’ असे शिकवून पाहिले. ‘ना’पाशी शालनआक्का थांबल्या. पुढे गेल्या नाहीत, मागेही आल्या नाहीत. दीपालीने पुन्हा तो प्रयत्न केला नाही.

तरीही रजेचा शेवट जवळ आला, तेव्हा सगळी वाक्ये चहा-पाण्यापुरती होती. ‘मी’ने सुरू होणारे एकही नव्हते. एवढ्यावर दुकान चालणार नाही, असे म्हणून दीपालीने गाडी ठरवली. गाळ्याच्या मालकाला कळवायचे तेवढे राहिले होते. निघण्यापूर्वीच्या शेवटच्या भेटीत ती आईसमोर गुडघ्यांवर बसली.

“आई, पुण्याला जायचं ना आपण? तिथेही थेरपी आहे. माझ्याजवळ राहशील.”

तिचा आवाज खरोखर मायेचा होता. शालनआक्कांनी तिच्या गालावरून हात फिरवला. मग त्यांचा हात मांडीवर आला आणि थाप देऊ लागला. मी मदतीला पुढे वाकले. त्यांनी मला नजरेनेच थांबवले.

“मी,” त्या म्हणाल्या. पुन्हा थाप. “मी... न्हाय. मी हितंच... ऱ्हातो.”

“राहते,” दीपाली म्हणाली. ते तिच्या तोंडून सवयीने निघून गेले.

“ऱ्हातो!” शालनआक्का मोठ्याने म्हणाल्या. “दुकान हाय की!”

अण्णा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. दीपाली बराच वेळ आईच्या गुडघ्यावर डोके टेकून होती. वर पाहिले, तेव्हा तिचे काजळ पसरले होते.

“बरं,” ती म्हणाली. “ऱ्हा.”

रिपोर्ट घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी वाक्य वाचले आणि पेन थांबवले.

“पेशंट स्त्री आहे ना? मग ‘ऱ्हातो’? मॅन्युअलप्रमाणे ही लिंगाची चूक आहे. व्याकरण बिघडल्याचं लक्षण.”

“नाही, सर. इकडे बायका असंच बोलतात. बऱ्या असतानाही त्या असंच बोलायच्या. म्हणजे व्याकरण बिघडलेलं नाही, परत आलं आहे.” मी एका दमात इतके बोलले, याचे मलाच नवल वाटले. “मी पूर्ण मार्क दिलेत.”

सरांनी सही केली. समासात काय ते लिहून ठेवा, म्हणाले. पुढचा कुणी वाचेल तेव्हा गोंधळायला नको. मी लिहिले.

दुकान आता सकाळच्या वेळेत उघडे असते. शालनआक्कांची जाऊ हाताशी असते. मोठी वाक्ये अजून अडखळतात, गावांची नावे अदलाबदल होतात, आणि थकल्या की पुन्हा नुसत्या ‘की’वर येतात. दीपाली पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सराव घेते. तिला ‘की’चा राग येत नाही, असे ती म्हणत नाही. ती फक्त कॉल लवकर बंद करत नाही.

या प्रकरणानंतर मी पहिल्या भेटीत नातेवाइकांना एक प्रश्न विचारू लागले आहे. बरे असताना यांच्या बोलण्यातल्या कोणत्या शब्दाचा तुम्हाला राग यायचा? त्यांच्या आवडीचे शब्द कोणते, असे विचारले, तर लोक छताकडे पाहत बसतात. रागाच्या शब्दाला मात्र क्षणही लागत नाही. सूर, ठेका, हातवारे यांसह तो हुबेहूब करून दाखवतात. मी तो लिहून घेते आणि कामाला तिथून सुरुवात करते.