फवारणीकाका आणि राठोडबाईंची बकरी

आमचे फवारणीकाका गोळी घ्यायचे ती वाऱ्याकडे पाठ करून. आधी साबणानं हात धुवायचे, तोंडाला रुमाल बांधायचे आणि गोळी तोंडाशी नेल्यावर रुमाल आड येतोय हे कळलं, की माझ्यावरच डाफरायचे, "सांगता येत नाही काय तुले?" हा सोहळा आर्णीतल्या माझ्या मेडिकलच्या पायरीवर रोज संध्याकाळी सात वाजता व्हायचा. गोळी विसरण्यावरची होती, आणि ती घेतली की नाही हेच काका विसरायचे. म्हणून पाकीट माझ्याकडे.

काकांचं आयुष्य कृषी केंद्र चालवण्यात गेलं. हातमोजे आणि मास्क घेतल्याशिवाय ते कुणाला फवाऱ्याच्या औषधाची बाटली देत नसत. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, माणूस जायला नको. "वाऱ्याकडे पाठ कर!" हे त्यांनी शेतकऱ्यांना सांगितलं, जावयाला सांगितलं आणि एकदा लग्नात गुलाबपाणी शिंपडणाऱ्या पोरीलाही सांगितलं. फवारणीकाका हे नाव त्यांना तेव्हापासूनच पडलं.

गोळीच्या सोहळ्यात दोष माझाच. यवतमाळच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, आणि काकांनी विचारलं, "हे काम कशी करते?" मला मेलीला ज्ञान पाजळायची हौस. म्हटलं, "काका, मेंदूत अॅसिटिलकोलीन नावाचं रसायन असतं. एक एन्झाइम त्याचे तुकडे करतं. ही गोळी त्या एन्झाइमला अडवते, म्हणजे रसायन जास्त वेळ टिकतं."

काका खुर्चीतून उठलेच. "बाप्पा! हे तं आपल्या फवाऱ्याचं काम हाये! ट्रेनिंगमंदी हेच सांगतलं होतं आमाले. मले काय कपाशीवरचा तुडतुडा समजली काय तू?"

काही कीटकनाशकं याच वाटेनं जातात हे खरंच होतं. ही गोळी माणसासाठीच केलेली, मोजून दिलेली आहे, हे समजावता समजावता माझी दमछाक झाली. काका कबूल झाले, पण खबरदारी सोडली नाही.

खरी पंचाईत बकऱ्यांची होती. काकू गेल्या आणि त्यांच्या दोन बकऱ्या काकांच्या गळ्यात पडल्या. संध्याकाळी कळप चरून परतला, की त्या बिचाऱ्या आपणहून दारात येत. काका त्यांना हाकलून लावत आणि शेजारच्या राठोडबाईंची बकरी ओढत आणून बांधत. रोज!

"चारा मी टाकाचा अन् दूध तुमी पेता, असं कसं जमन काका?" राठोडबाई कंबरेवर हात ठेवून विचारत.

"तिच्या तोंडावर तुह्यं नाव लिवलं हाये काय?" काका उलट विचारत.

ही बातमी पुण्याला, त्यांच्या मुलाच्या, सुनीलच्या कानावर गेली. तो येऊन म्हणाला, "बाबा, आज परकी बकरी घरात आणता, उद्या तुम्हीच परक्या घरात जाऊन बसाल. पुण्याला चला."

त्या संध्याकाळी काका हात न धुताच पायरीवर बसले. "बेटा, त्या फ्लॅटमंदी मी मरून जाईन." त्यांच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला सुनीलचा भयंकर राग आला. तो पुण्याला परतल्यावर फोन करून भांडले त्याच्याशी. शेवटी ठरलं : पोळ्याला तो येईल. चाळीस बकऱ्यांतून काकांनी आपल्या दोन ओळखल्या तर काका आर्णीत; नाही तर बॅग भरायची.

मी काकांना सांगितलं, "हे रसायन वाढलं की डोळ्यांनी शिकलेलं पक्कं व्हायला मदत होत असावी, असं काही शास्त्रज्ञांना वाटतं. खात्री नाही. आणि रोज सराव केला तरच."

"म्हंजे खत गोळीचं, पण निंदण आपणच कराचं."

दुसऱ्या दिवसापासून काका रस्त्याच्या कडेला ठाण मांडून बसले. कपाशीचं पान उलटून अळी शोधावी तसे प्रत्येक बकरीचा कान उलटून बघत. पहिल्या आठवड्यात काळी आणि पांढरी एवढाच फरक कळला. मग सात वाजता अहवाल येऊ लागला, "आज अकरा ओयखल्या." एकदा तर त्यांनी अख्खा कळप अडवून चारणाऱ्याला विचारलं, "लंगडीची बहीण काहून नाही आली आज?" ती खरंच मागे राहिली होती. गोळीनं झालं की बसण्यानं, देव जाणे. मला अजूनही सांगता येत नाही.

पोळ्याच्या दिवशी सारं गाव सजवलेल्या बैलांकडे बघत होतं आणि आम्ही बकऱ्यांकडे. काका कळपात शिरले, आपल्या दोन्ही बकऱ्या कानाला धरून बाहेर काढल्या, आणि वर उरलेल्या कुणाकुणाच्या तेही सांगत सुटले. सुनील हसत हात जोडून म्हणाला, "बस बाबा, हरलो!" आनंदाच्या भरात त्यानं एक बकरी स्वतःच दावणीकडे ओढली.

"सोड रे बाबा, माही हाये थे!" राठोडबाई ओरडल्या.

काका शांतपणे म्हणाले, "आता डॉक्टरकडे कोणाले नेऊ, सांग."

पुढे दोन वर्षं काका आर्णीतच राहिले. पण ती गोळी काही दुखणं बरं करणारी नव्हे. नावं गळत गेली. आधी माझं, मग सुनीलचंही. गेल्या हिवाळ्यात गॅस दोनदा उघडा राहिला आणि सुनील गाडी घेऊन आला. या वेळी काका भांडले नाहीत, मीही नाही. बकऱ्या राठोडबाईंनी नेल्या.

गाडी माझ्या दुकानापाशी थांबली. सुनीलनं विचारलं, "बाबा, ही कोण?" विचारू नये रे असं, मला वाटलं. काका काच खाली करून कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"नाव नाही येऊन राह्यलं," ते म्हणाले. मग सुनीलवर डाफरले, "पण आपल्याच घरची हाये ना थे! तिले मांगं सोडून कायले चाल्ला?"