नागूबाईची शाल

तेरखेडा मागं पडलं तेव्हा वनमालाबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, "मावशी, बसायचं का जरा?"

"बसले तर उठायची न्हाय. चला."

सत्तरीची नागूबाई वाशीहून अनवाणी निघाली होती, येरमाळ्याच्या येडेश्वरी आईपुढं डोकं टेकायला. सोबत शाळेतल्या वनमालाबाई. त्यांनीही चपला पिशवीत टाकल्या होत्या. पण देवीला काय सांगायचं, ते त्यांचं अजून ठरत नव्हतं.

नागूबाईचा जन्म मेंढरांमागं गेला. गावात नाव मात्र तिच्या हातगुणाचं. तान्ह्या लेकराची छाती उडायला लागली की लोक म्हणायचे डबा झाला, आणि तिला बोलवायचे. सुईला टोचलेला बिब्बा ती दिव्यावर तापवायची आणि लेकराच्या पोटावर डाग द्यायची. सासूनं शिकवलं, सासूला तिच्या सासूनं. का, हे कुणी विचारलं नव्हतं. जगलेली लेकरं तिच्या हातानं जगली. गेलेली देवानं नेली.

दोन वर्षांमागं गॅदरिंगला वनमालाबाईंनीच तिला स्टेजवर बोलावलं, शाल पांघरवली आणि माइकवर म्हणाल्या, "हा आपल्या आज्यांचा ठेवा. जपायला हवा." टाळ्या पडल्या. "म्हातारपणी नवरी केलं की वो बाईंनी!" म्हणत नागूबाई लाजली होती.

यंदा माघात तिच्या नातीच्या, दैवशालाच्या, तीन महिन्यांच्या मुलीची छाती उडू लागली. नातजावयानं दवाखान्यासाठी मोटारसायकल काढली. दैवशालानं त्याला अडवलं. "आजीला शाळेनं शाल दिलीय. बाई काय खोटं बोलत्यात?"

डाग दिले. दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवरच पोर गेली. डॉक्टरांनी पोटावरचे डाग बघितले. "न्युमोनिया. परवा आणली असती तर..."

आता डांबर तापलं होतं. नागूबाई म्हणाली, "बाई, इचारू का? रागावू नका. तुमचा शंतनू बारका असताना दोनदा आजारी पडला. माझ्याकडं का न्हाय आणला?"

दोन्ही वेळा वनमालाबाईंनी त्याला जीप करून बार्शीच्या दवाखान्यात नेलं होतं. माइकवर बोलताना ते आठवलंही होतं. तरी त्या बोलल्या होत्या.

"भ्याले, मावशी."

"व्हय. मग ते भ्या आमाला बी द्यायचं हुतं की."

देवीचा डोंगर दिसू लागला. नागूबाईनं गाठोडं सोडून शाल काढली. घडीसुद्धा मोडली नव्हती. "देवीला वाहणार?" वनमालाबाईंनी विचारलं.

"आईला कशाला? तिनं थोडीच दिली?" नागूबाई म्हणाली. "परवा आमच्या गल्लीतली करिश्मा लेकरू घेऊन दारात आली. म्या न्हाय म्हणलं तर म्हणती, आजी लई भाव खाती. डाग द्यायला ती दुसरी कुणी गाठंल, बाई. माझं कोण ऐकतंय? एक मेच्या झेंड्याला मला बोलवा. त्याच माइकपुढं. शाल समद्यांदेखत माघारी घ्या. अन् शंतनूला कुठं नेलं, ते तुमच्या तोंडानं सांगा. सांगाल का?"