पाणी शिरल्यावरचं दार

मला बघायला आलेल्या मुलाला माझ्या बाबांनी जेवढे प्रश्न विचारले, तेवढे त्याच्या घरच्यांनी मला विचारले नाहीत. मुलगा नौदलात, लढाऊ जहाजाच्या इंजिनरूममध्ये. बाबांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. तेव्हापासून ते घाटकोपरच्या वाचनालयात बसून जहाजांवरची पुस्तकं वाचायचे. आता आयता बकरा सापडला होता!

"मला सांगा, मराठ्यांच्या आरमारातल्या गुराब जहाजावर पुढच्या तोंडालाही तोफा का?"

"पाठलाग करताना मारायला, बहुतेक," तो म्हणाला. हातातले पोहे गार होत होते.

"बहुतेक कशाला? नक्की! बरं, पुढे लाकडावर लोखंडी पत्रा चढला. तो फोडायला मोठी तोफ आली, मग आणखी जाड पत्रा. हे थांबलं कुठे?"

"क्षेपणास्त्रं आली तिथे. कितीही जाड केला तरी उपयोग नाही म्हटल्यावर पत्रा पातळ केला."

झालं, म्हटलं, वाट लागली. कारण आई पडद्याआड उभी राहून ऐकत होती. तिचे वडील मालाच्या गलबतावर खलाशी. एका फेरीला गेले ते आलेच नाहीत. दर्यावरचा जावई नको, हे तिने आधीच बजावलं होतं. बाबांच्या शब्दाखातर बघण्यापुरती कबूल झाली होती. आणि मला तर तो दारात चपला काढतानाच आवडला होता. बाबांचा असा राग आला म्हणून सांगू! पोरीचं लग्न जमवताय की परीक्षा घेताय?

तेवढ्यात आई बाहेर आली. पदर सावरत तिने सरळ त्यालाच विचारलं, "एवढी जहाजा बांधली, पण आतल्या माणसाचा काय? पानी शिरला तर?"

कुणीही म्हणालं असतं, काळजी नको, सगळी सोय असते. तो मात्र बशी खाली ठेवून म्हणाला, "जहाजाचे आत कप्पे असतात. एकात पाणी शिरलं की त्याचं दार लावून घेतात. म्हणजे बाकीचं जहाज वाचतं."

"आणि आत कोण रवलो तर?"

"तरी लावतात."

"लावता कोण?"

"जवळ असेल तो. माझ्यावर वेळ आली तर मीसुद्धा."

त्याच्या आईने डोळ्याला पदर लावला. तिलाही हे ठाऊक नसावं. मला वाटलं, मोडलं. आई माझ्याकडे वळली.

"ह्यो खरा बोलता. ऐकलंस मा सगळा? आता तू सांग."

बघायच्या कार्यक्रमात मुलीला सगळ्यांसमोर असं विचारायची रीत आमच्यात नव्हती. तरी मी हो म्हणाले.

लग्नानंतर आम्ही मुलुंडला खोली घेतली. तो पहिल्यांदा जहाजावर निघाला त्या सकाळी आई सोबतीला आली होती. तो जिना उतरला. रडू दिसू नये म्हणून मी घाईने दार लोटायला गेले, तर तिने माझा हात धरला.

"लावू नको गो. दारा लावूक थय जहाजावर माणसा आसत. आपला उघडाच रवांदे."