खिडकीकडे पाठ

कॅरिगडून रग्बी क्लबच्या स्वयंपाकघराला मैदानाकडे उघडणारी भलीमोठी खिडकी आहे, आणि ब्रीडा हॅनराहन कित्येक वर्षं तिच्याकडे पाठ करून बटाटे सोलत आली आहे. सामना असला की पाहुण्या संघाला गरम स्ट्यू वाढायचा ही क्लबची रीत, आणि तो स्ट्यू ब्रीडाचा. बाहेर आयर्लंडातल्या लिमरिकची अर्धी वस्ती बोंबलत असताना ती गाजरं चिरते, चिरलेली पुन्हा चिरते, पुसलेला ओटा पुन्हा पुसते.

तिचं लक्ष नसतं असं नाही. सगळं लक्ष बाहेरच असतं, डोळे तेवढे आत.

हा क्लब काढला तो डुकराच्या मांसाच्या कारखान्यातल्या कामगारांनी. पहिल्या वर्षी पिठाच्या पोत्यांचे सदरे रंगवून खेळले. त्यात ब्रीडाचा आजा होता. पुढे बाप, काका, आणि मग भाऊ कॉन. सगळे बारच्या भिंतीवर फोटोत आहेत. कॉनची जागा स्क्रमच्या पहिल्या ओळीत, अगदी मधोमध. आठ विरुद्ध आठ माणसं डोकी घालून रेटतात आणि सगळा भार मधल्याच्या मानेवर येतो. एका फेब्रुवारीत, चिखलात, स्क्रम कोसळला. बाकीचे उठले, कॉन उठला नाही.

पुढे तो चाकाच्या खुर्चीत जगला, आणि ब्रीडाने त्याला चमच्याने भरवलं. दर शनिवारी त्याचा एकच घोशा, "मला मैदानावर ने. इथे काय भिंत बघत बसू?" ती त्याला कडेला नेऊन ठेवायची आणि स्वतः स्वयंपाकघरात शिरायची. कॉन गेला, पण तिची सवय राहिली. लग्न तिने डिनीशी केलं, कारण तो कडेने पळणारा खेळाडू. कुणाच्या हाती लागायचाच नाही.

पण पोरगा फिंटन मामावर गेला. तशीच बैलासारखी मान, स्क्रममध्ये तीच जागा.

"पत्ते खेळ ना," ती म्हणायची. "पत्ते खेळून कुणाची मान मोडल्याचं ऐकलं नाही मी."

"तुझ्या काकांबरोबर खेळून बघ, हरले की मान मोडतील," फिंटन म्हणायचा.

आवाजावरून तिला सामना कळायचा. ओरडा चढला की आपला चेंडू, शिव्या आल्या की पंच. भीती शांततेची. लिमरिकात शांतता दोन प्रकारची. कुणी चेंडू जमिनीवर ठेवून दोन खांबांमधून मारायला उभा राहिला, की सगळं मैदान मुकं होतं. मारणारा आपला असो की वैऱ्याचा. एकदा आजाच्या काळात एक क्लॅन्सी त्या वेळी खोकला, तर त्याच्या पणतवंडांनाही वस्तीत अजून 'खोकले' म्हणतात. आणि दुसरी शांतता, कुणी उठत नाही तेव्हाची. पहिलीच्या आधी म्हातारे "श्श्श" करतात. तेवढ्यावरच ब्रीडाचा जीव तगून होता.

त्या शनिवारी कॉर्क शहराचा संघ आला होता. हरलो तर खालच्या गटात, असा सामना. शेवटची मिनिटं, आपण एका गुणाने पुढे. ब्रीडाने मीठ दोनदा घातलं.

"अगं, दोनदा झालं मीठ," चहा बघायला असलेली गर्टीमावशी म्हणाली. तिचं वय पंच्याहत्तरीचं, जीभ पंचविशीची. "पोरांना समुद्र पाजतेस की काय?"

"स्क्रम आहे का गं मावशी बाहेर?"

"बघ की वळून. खिडकी काय चावते?" म्हणत गर्टीने चहाच्या नव्या बंबाची कळ दाबली. बंब असा फसफसला की कानावर काही येईना. ब्रीडाने धावत जाऊन तो बंद केला.

बाहेर चिडीचूप.

"श्श्श आलं का? मावशी, श्श्श ऐकलंस?"

"मला कुठलं ऐकू येतंय!"

ब्रीडा पळाली. हातात डाव, त्यातून स्ट्यू ठिबकतोय. तिने गर्दी कोपराने फाडली आणि ओरडली, "फिंटन! फिंटन रे!"

फिंटन खांबांखाली उभा होता, धडधाकट, चिखलाने माखलेला. समोर कॉर्कच्या पोराचा पाय चेंडूला लागतच होता. चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. शिट्टी वाजली.

कॅरिगडून वाचलं, आणि एकाही माणसाने टाळी वाजवली नाही.

आपला कप्तान पंचांकडे गेला. "त्याला पुन्हा मारू द्या."

"नियमात नाही," पंच म्हणाले.

डिनी तिच्याजवळ आला, डावाकडे बघत राहिला. "अगं, शंभर वर्षांत एकच खोकला झाला होता आपल्याकडे."

"मला वाटलं तो उठत नाहीये."

डिनीने तिच्या हातातून डाव घ्यायला बघितलं. तिने सोडला नाही.

आत कुणी जिंकल्यावरचं क्लबचं गाणं म्हटलं नाही. ब्रीडा वाढायला उभी राहिली. घरी पळून जाता आलं असतं, पण मग स्ट्यू कोण वाढणार? रांगेत तो कॉर्कचा पोर आला, लाल कानांचा.

"बाळा, तुझा चेंडू मी घालवला."

"असू दे, काकू." त्याने वाडगा पुढे केला. "माझी आई बघतच नाही. बाहेर गाडीत रेडिओ मोठा लावून बसते. पाद्र्याचं प्रवचन असलं तरी चालतं तिला. स्ट्यू खारट आहे का हो?"

"आहे. कुठली गाडी?"

"निळी. फाटकापाशी."

फिंटन आडवा आला. "आई, आता कुठे? सगळे बघतायत."

"बघू देत. तू ब्रेड वाढ."

तिने एक वाडगा भरला आणि निघाली. निळ्या गाडीच्या काचा बंद होत्या, आत रेडिओ कोकलत होता. स्टिअरिंग घट्ट धरून एक बाई समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती. ब्रीडाने काचेवर टकटक केलं. काच बोटभर खाली आली.

"उभा आहे का?" बाईने विचारलं.

"उभा आहे. जेवतोय."

बाईने रेडिओ बंद केला. पलीकडचं दार उघडलं. ब्रीडा आत बसली, वाडगा मांडीवर घेऊन. दुसऱ्या हातात अजून डावच होता.

"चेंडू खांबांमधून मारला का त्याने?"

"नाही," ब्रीडा म्हणाली. "पण चूक त्याची नव्हती. आधी हे गरम खा, मग सांगते."